गोळी बाळासाठी की आईसाठी?

गेल्या वर्षीची गोष्ट. रात्रीचे साडेआठ-नऊ झाले असतील. लालबागच्या एका चाळीत राहणारी ओळखीची तरुण मुलगी आमच्या दारात उभी राहिली. कुशीत दोन महिन्यांचं बाळ. ओढणीच्या आडून तिनं एक पांढरी प्लास्टिकची डबी काढली आणि हळूच म्हणाली, "आपा, ही चार दिवस तुमच्याकडे ठेवाल? अकीक्याला गावची माणसं आलीत. घरात जागाच नाही."

मला वाटलं, झोपायला जागा नाही म्हणतेय. मग लक्षात आलं. दहा बाय बाराच्या खोलीत अकरा माणसं होती. कपाट कुणीही उघडत होतं, पोटमाळ्यावर मुलं चढत होती, मोरीतल्या फळीवरचा साबणसुद्धा तासाभरात जागा बदलत होता. जागा नव्हती ती त्या डबीला.

डबीत एचआयव्हीच्या गोळ्या होत्या. रोज रात्री एक. गरोदरपणात चौथ्या महिन्यात जी नेहमीची रक्ततपासणी होते, तिच्यात तिला हे कळलं. नवऱ्याला माहीत आहे, त्याचेही उपचार सुरू आहेत. सासूला माहीत नाही. मला माहीत आहे, कारण पहिल्या खेपेला हॉस्पिटलात तिच्यासोबत मी होते. तिचं नाव मी लिहिणार नाही, आमचं नातं काय तेही सांगणार नाही, आणि ओळखू येईल असं जे काही होतं ते बदललं आहे.

असं ठरलं की रात्री नऊला तिनं बर्फ आणायचं निमित्त काढून खाली यायचं आणि माझ्याकडे गोळी घ्यायची. दोन दिवस नीट गेले. तिसऱ्या दिवशी मी दादरला एका कार्यक्रमाला गेले, फोनचा आवाज बंद करून पर्समध्ये टाकला आणि विसरले. घरी पोचले तेव्हा पावणेबारा वाजत आले होते. ती आमच्या जिन्यात बसली होती, बाळ मांडीवर झोपलेलं. ती एक शब्दही बोलली नाही. पाणी मागितलं, गोळी घेतली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी तिनं केंद्रातल्या समुपदेशक ताईंना विचारलं. त्यांनी धीर दिला. उशीर झाला तर आठवेल तेव्हा लगेच घ्यायची, दुसऱ्या दिवशी दोन एकदम घ्यायच्या नाहीत. एका रात्रीच्या उशिरानं काही बिघडत नाही, अशा रात्री वारंवार आल्या तर बिघडतं.

तरी ती रात्र माझ्या मनातून जाईना. औषध सरकार फुकट देतं. पण ते तिच्या तोंडापर्यंत पोचणं माझ्यासारख्या विसराळू बाईच्या हातात होतं. ही गोळी इथवर आली कशी आणि कुणासाठी आली, हे मी वाचायला घेतलं. जे सापडलं ते आपल्या शहराशी आणि आपल्या समाजाशी इतकं जोडलेलं निघालं, की ते इथे मांडावंसं वाटलं.

भिंतीवरची वर्तुळं

परळच्या आचार्य दोंदे मार्गाच्या आसपास दहा मिनिटं चाललं की मुंबईच्या आरोग्याचा सव्वाशे वर्षांचा इतिहास भेटतो. केईएम १९२६ चं. गिरणी कामगारांच्या बायकांना डोळ्यांसमोर ठेवून वाडिया कुटुंबानं उभारलेलं नौरोसजी वाडिया प्रसूतिगृहही त्याच वर्षीचं. शेजारी मुलांचं बाई जेरबाई वाडिया रुग्णालय, १९२९ चं. आणि जुन्या गव्हर्मेंट हाऊसच्या वास्तूत हाफकिन इन्स्टिट्यूट.

हाफकिनची गोष्ट प्लेगपासून सुरू होते. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी प्लेगचं निदान केलं. वाल्देमार हाफकिन यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. लोकांचा मात्र सरकारी माणसांवर विश्वास नव्हता, आणि त्याला कारण होतं. तपासणी पथकं घरात घुसत, आजाऱ्याला उचलून नेत, प्लेग सापडलेल्या घराच्या भिंतीवर रंगानं वर्तुळ काढत. ते वर्तुळ गल्लीतल्या प्रत्येकाला दिसे. मार्च १८९८ मध्ये मदनपुऱ्यात जुलाहा विणकरांच्या वस्तीत एका मुलीच्या तपासणीवरून वाद पेटला आणि शहरात दंगल उसळली. त्या वेळच्या सरकारी लिखाणात याला अडाणीपणा म्हटलं गेलं. पण घरातल्या लेकीला परक्या पुरुषांनी येऊन तपासावं आणि घरावर खूण उमटवावी, याला विरोध करणं अडाणीपणाचं होतं का, हा प्रश्न आजही विचारण्यासारखा आहे.

त्याच काळात दुसरीही एक गोष्ट घडली. विशीतल्या आगाखान तिसरे यांनी हाफकिनना प्रयोगशाळेसाठी आपला खुश्रू लॉज दिला आणि आपल्या लोकांसमोर स्वतः लस टोचून घेतली. ते पाहून हजारो खोजा पुढे आले. लस तीच होती. फक्त एका ठिकाणी ती संशयाच्या हातानं आली आणि दुसऱ्या ठिकाणी विश्वासाच्या.

एचआयव्ही मुंबईत आला तेव्हा शहराच्या मनात ही भिंतीवरच्या वर्तुळाची भीती जिवंत होती. भारतात त्याचं पहिलं निदान १९८६ मध्ये मद्रासला झालं. १९९८ मध्ये मुंबई जिल्हे एड्स नियंत्रण संस्था स्थापन झाली. तिचं कार्यालय वडाळ्याला रफी अहमद किडवई मार्गावर, ॲकवर्थ कुष्ठरोग रुग्णालयाच्या आवारात आहे. हे रुग्णालय १८९० साली रस्त्यावरच्या कुष्ठरोग्यांना ठेवण्यासाठी उभं राहिलं. समाजानं ज्यांना बाहेर काढलं त्यांच्याच अंगणात नव्या आजाराचं कार्यालय यावं, हा योगायोग मला तिथून जाताना दर वेळी आठवतो.

बायकांच्या वाट्याला आणखी एक अन्याय आला. आपल्याकडे बहुतेक विवाहित बायकांना हा विषाणू नवऱ्याकडून येतो. पण सरकारी तपासणी गरोदर बाईची होते, म्हणून घरात पहिलं नाव तिचं निघतं. ज्याचं रक्त आधी तपासलं, दोष त्याचा, असा सरळ हिशेब मांडला जातो.

दिवसातून पाच वेळा

काहीच उपचार नसले तर एचआयव्हीबाधित आईकडून बाळाला संसर्ग होण्याचं प्रमाण १०० मागे १५ ते ४५ असतं. गर्भात, बाळंतपणाच्या कळांमध्ये आणि अंगावरच्या दुधातून, असे त्याचे तीन रस्ते. १९९४ पर्यंत हे रस्ते अडवता येतात हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

त्या वर्षी अमेरिका आणि फ्रान्समधल्या एका चाचणीचा निकाल आला. झिडोव्युडीन हे औषध गरोदरपणात आईला, कळांच्या वेळी शिरेतून आणि जन्मानंतर सहा आठवडे बाळाला दिलं, तर संसर्गाचं प्रमाण २५.५ टक्क्यांवरून ८.३ टक्क्यांवर आलं. मोठाच शोध होता. पण आईनं ते औषध दिवसातून पाच वेळा घ्यायचं होतं. आमच्या लालबागच्या मुलीला दिवसातून एकदा डबी काढणं जमत नव्हतं, तिथे पाच वेळा!

गरीब देशांसाठी काहीतरी सोपं हवं होतं. १९९९ मध्ये युगांडातून ते आलं. कळा सुरू झाल्या की आईला नेव्हिरापीनची २०० मिलिग्रॅमची एकच गोळी आणि जन्मानंतर तीन दिवसांच्या आत बाळाला त्याच औषधाचं एकदा सिरप. संपलं. संसर्ग जवळपास निम्म्यावर आला.

भारतानं २००० मध्ये ११ केंद्रांवर झिडोव्युडीनचा छोटा कोर्स देऊन पाहिला, मग नेव्हिरापीन आणि २००२ पासून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. गरोदर बायकांची तपासणी आणि समुपदेशन सरकारी प्रसूतिगृहांत नेहमीचं झालं. अनेक बायकांसाठी तो सगळा कार्यक्रम म्हणजे ती एक गोळी होती. कळा येतील तेव्हा घ्यायची म्हणून पदराच्या गाठीला बांधून न्यावी, इतकी लहान.

लोअर परळचा माणूस

या औषधांच्या किमतीची गोष्ट सांगताना एक मुंबईकर मुसलमान मध्यभागी येतो. ख्वाजा अब्दुल हमीद हे अलीगढचे रसायनशास्त्रज्ञ. जर्मनीत शिकताना त्यांची लिथुआनियातल्या ज्यू मुलीशी, लुबाशी भेट झाली, लग्न झालं. १९३५ मध्ये त्यांनी मुंबईत सिप्ला काढली. १९३९ मध्ये महात्मा गांधी ती पाहायला आले होते. मुलगा युसूफ १९३६ मध्ये आजोळी, विल्नाला जन्मला आणि वाढला मुंबईत.

१९७० च्या भारतीय पेटंट कायद्यानं औषधाच्या पदार्थावर पेटंट देणं बंद केलं, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर ठेवलं. त्यामुळे तेच औषध वेगळ्या पद्धतीनं बनवण्याचा रस्ता भारतीय कंपन्यांना खुला झाला. २८ सप्टेंबर २००० रोजी ब्रसेल्समध्ये युरोपियन कमिशनच्या बैठकीत युसूफ हमीद बोलायला उभे राहिले. त्यांनी तीन गोष्टी देऊ केल्या. एड्सची औषधं कमी किमतीत. ती बनवायचं तंत्रज्ञान, ज्या देशाला हवं त्याला मोफत. आणि आईकडून बाळाला होणारा संसर्ग थांबवण्यासाठी नेव्हिरापीन, तेही मोफत.

फेब्रुवारी २००१ मध्ये त्यांनी 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेला तीन औषधांचा वर्षभराचा उपचार ३५० डॉलरमध्ये देऊ केला. दिवसाला साधारण एक डॉलर. पाश्चात्त्य कंपन्यांच्या त्याच उपचाराचा वर्षाचा खर्च तेव्हा १० ते १५ हजार डॉलर होता. पुढे तिन्ही औषधं एकाच गोळीत आली. आज सिप्लाचं मुख्यालय लोअर परळला, गणपतराव कदम मार्गावर, एकेकाळच्या गिरणीच्या जागेवर आहे. वाडियाच्या दारातून तिथे चालत जाता येतं.

हमीदांचं नाव आपल्या मोहल्ल्यांत अभिमानानं घेतलं जातं. मीही घेते. पण आफ्रिकेतल्या आईसाठी स्वस्त झालेली गोळी लालबागच्या खोलीत लपवावी लागते, तेव्हा अभिमानाचं पुढे काय करायचं हा प्रश्न उरतो.

आई कुठे होती?

आता त्या एका गोळीकडे परत येऊ. ती बाळासाठी होती. आईच्या आजारावर तिचा काही उपयोग नव्हता. बाळंतपण झालं, आई घरी गेली, विषाणू तिच्या रक्तात तसाच वाढत राहिला. ॲलन रोझेनफील्ड आणि डेबोरा मेन या दोन अभ्यासकांनी १९८५ मध्येच 'लॅन्सेट'मध्ये विचारलं होतं की माता-बाल आरोग्य म्हणतो खरं, पण त्यात माता कुठे आहे? एचआयव्हीच्या बाबतीत तो प्रश्न जसाच्या तसा लागू पडला.

त्यात दुसरं दुखणं निघालं. नेव्हिरापीन रक्तात बरेच दिवस रेंगाळतं. जोडीला दुसरं औषध नसताना ते एकट्यानं रेंगाळलं की विषाणू त्याला सरावतो. पुढे त्याच आईला खरोखर उपचाराची गरज पडली, तेव्हा नेव्हिरापीन असलेला उपचार अनेक जणींवर कमी चालला. थायलंडमधून २००४ मध्ये हे पुढे आलं. म्हणजे बाळ वाचवायला दिलेल्या गोळीनं आईच्या पुढच्या औषधाची धार बोथट केली.

भारतात १ एप्रिल २००४ पासून सरकारनं मोफत एआरटी सुरू केली, सुरुवातीच्या आठ रुग्णालयांत भायखळ्याचं जे. जे. होतं. पण प्रतिकारशक्ती मोजणारा सीडी-४ आकडा २०० च्या खाली, पुढे ३५० च्या खाली गेल्याखेरीज औषध सुरू होत नसे. धडधाकट दिसणाऱ्या गरोदर बाईला बाळापुरतं औषध, आणि स्वतःसाठी "आजारी पडलात की या".

दुधाचा प्रश्न तर वेगळाच. १९९८ च्या सुमारास जागतिक संघटनांचा कल अंगावरचं दूध टाळण्याकडे होता. कागदावर ठीक. पण आपल्याकडे बाळंतीण दूध पाजत नाही म्हटल्यावर पहिल्या दिवशी आवारातल्या बायका येऊन विचारतात. बाटली हीच भिंतीवरची खूण झाली. मग बाई चारचौघांत अंगावर पाजायची आणि एकटी असताना बाटलीनं. नेमकं हेच सगळ्यात वाईट होतं. १९९९ मध्ये डर्बनच्या एका अभ्यासानं दाखवलं की निव्वळ अंगावर पिणाऱ्या बाळांपेक्षा अंगावरचं आणि वरचं असं मिश्र दूध मिळणाऱ्यांना धोका जास्त. पाणी, मध, वरचं दूध यांनी बाळाच्या कोवळ्या आतड्याचं अस्तर दुखावतं आणि विषाणूला वाट मिळते, असं त्याचं कारण सांगितलं जातं.

मग संशोधकांनी दूध थांबवण्याऐवजी दूध सुरक्षित करायचा विचार सुरू केला. त्यात आपल्या पुण्याचा वाटा आहे. ससूनमधल्या बायकांनी इथिओपिया आणि युगांडातल्या बायकांसोबत एका चाचणीत भाग घेतला. बाळाला नेव्हिरापीन एकदाच देण्याऐवजी सहा आठवडे रोज दिलं, तर सहाव्या आठवड्याला नव्यानं झालेल्या संसर्गाचं प्रमाण ५.३ वरून २.५ टक्क्यांवर आलं. हा निकाल २००८ मध्ये छापून आला. पण सहा महिन्यांपर्यंत तो फरक पुसट झाला, कारण औषध थांबलं होतं आणि दूध चालू होतं. जोवर दूध, तोवर औषध, हे त्यातून उघड झालं.

शेवटी साधी गोष्ट पटली. आईलाच नीट, कायमचे उपचार दिले, तिच्या रक्तातला विषाणू दबला, तर गर्भातलं, कळांमधलं आणि दुधातलं अशी तिन्ही दारं एकदम बंद होतात. १ जानेवारी २०१४ पासून भारतानं हेच धोरण देशभर घेतलं. सीडी-४ कितीही असो, प्रत्येक गरोदर आणि दूध पाजणाऱ्या बाधित बाईला आयुष्यभराची एआरटी. आई नियमित औषधावर असताना दुधातून होणारा संसर्ग १०० मागे एकाहूनही कमी राहू शकतो, हे नंतरच्या मोठ्या चाचणीत दिसलं. वीस वर्षं बाळाला वाचवायची युक्ती शोधली गेली, आणि ती अखेर आईला बरं ठेवण्यात सापडली.

तीस गोळ्यांचा हिशेब

एक गोळी रोजची गोळी झाली आणि सगळं काम बदललं. कळांच्या वेळची गोळी परिचारिका देत होती. रोजची गोळी बाईनं स्वतः, घरात, माणसांच्या गर्दीत घ्यायची.

एआरटी केंद्रात प्रत्येकाला एक हिरवं पुस्तक मिळतं. दर भेटीला उरलेल्या गोळ्या मोजतात. ९५ टक्के गोळ्या वेळेवर जाव्यात असा दंडक आहे. तीस गोळ्यांत एक चुकली तर चालतं, दोन चुकल्या की टक्का ९५ च्या खाली जातो. हिशेब इतका कडक, कारण औषध रक्तात कमी झालं की विषाणू वाढतो आणि त्या औषधाला सरावतोही.

आणि चुकतं कधी? जगभरातल्या ५१ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१२ मध्ये आला. गरोदरपणात पुरेशी नियमित औषधं घेणाऱ्या बायका १०० पैकी सुमारे ७६ होत्या, बाळंतपणानंतर त्या ५३ वर आल्या. पोटात बाळ असतं तोवर बाई त्याच्यासाठी गोळी घेते, घरचेही तिच्या खाण्यापिण्याकडे पाहतात. बाळ बाहेर आलं की सगळ्यांचे डोळे बाळाकडे. ती रात्रभर जागी, तिच्या झोपेचं-जेवणाचं ठिकाण नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे मुंबईहून रत्नागिरी किंवा मालेगाव. निघताना केंद्रातून पुरेशा गोळ्या किंवा तिकडच्या केंद्रासाठी बदलीचा कागद घेतला नाही तर साखळी तुटते. केंद्रात आधी सांगितलं तर ही सोय होते, हे मात्र पुष्कळ जणींना माहीतच नसतं.

आमच्या मुलीनं सासूला "कॅल्शियमच्या गोळ्या" असं सांगितलं होतं. सासू मायाळू. ती रोज रात्री आठवणीनं खरी कॅल्शियमची गोळीही हातावर ठेवायची, दोन्ही एकदम. केंद्रात हे कळल्यावर ताईंनी थांबवलं. हल्लीच्या गोळीतलं डोल्युटेग्राविर हे औषध रिकाम्या पोटी लोह किंवा कॅल्शियमसोबत घेतलं तर शरीरात नीट उतरत नाही. ते या गोळ्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावं, नाहीतर सगळं जेवणासोबत. सासूला खरं सांगितलं असतं तर ती याच मायेनं घड्याळ पाहून गोळी देत बसली असती. पण सांगायचं की नाही हे ठरवायचा हक्क त्या मुलीचा. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेला एचआयव्ही कायदाही तिची स्थिती संमतीशिवाय उघड करायला मनाई करतो.

रोजा, घुट्टी आणि चिल्ला

आपल्या घरांतल्या काही गोष्टी या औषधाला आडव्या येतात असं बाहेरून म्हटलं जातं. मला वाटतं, त्याच गोष्टी नीट पाहिल्या तर मदतीलाही येतात.

रोज्याचंच पाहा. सुरुवातीची औषधं दिवसातून दोनदा, बारा तासांनी घ्यायची होती. रमजानमध्ये सकाळची गोळी सरळ सुटायची, कारण सहरीला घेतली तरी चालेल का हे विचारायची सोय नव्हती. २०१४ चा रमजान जून-जुलैत आला, मुंबईत रोजा साडेचौदा तासांच्या घरात. पण तोवर रात्रीची एकच गोळी आली होती, म्हणून निदान वेळेचा तंटा मिटला. शिवाय गरोदर आणि दूध पाजणाऱ्या बाईला जिवाची किंवा बाळाची काळजी असेल तर रोजा पुढे ढकलायची मुभा शरीअतीत आहेच. मुभा असते, पण ती घेतली की घरात पाच जणी विचारतात, "का गं, रोजा नाही?"

घुट्टी ही दुसरी. नवजात बाळाच्या टाळूला खजूर किंवा मध लावायची तहनीकची रीत आपल्याकडे आहे, शेजारच्या हिंदू घरात बाळगुटी आहे. दूध पाजणाऱ्या बाधित आईच्या बाळाला पहिले सहा महिने वरचं काही न देणं महत्त्वाचं, त्यामुळे ही गोष्ट बाळंतपणाआधीच डॉक्टरांशी बोलून ठरवावी. फक्त अंगावरच पाजायचं, हा सल्ला आता सगळ्याच आयांना देतात. म्हणून "डॉक्टरांनी मना केलंय" एवढं उत्तर पुरतं, आजाराचं नाव काढावं लागत नाही.

आणि दूध. सूरह अल-बकराहमध्ये दूध पाजण्याची दोन वर्षांची मुदत येते, ती सगळ्यांना पाठ असते. त्याच आयतीत पुढे, आई-बापांनी सल्लामसलत करून आधी दूध सोडवलं तर दोष नाही, असंही आहे. आणि मुलापायी आईला इजा पोचू नये, हेही तिथेच सांगितलं आहे. शास्त्रज्ञांना जिथे पोचायला १९९४ ते २०१४ लागली, त्या वाटेवरचा दिवा आपल्या घरात होता. आपण त्यातलं दोन वर्षांचं वाक्य तेवढं लक्षात ठेवलं.

चिल्ल्याच्या चाळीस दिवसांत बाळंतिणीला उठू देत नाहीत, तिच्या हातात वेळेवर ताट देतात. त्या ताटासोबत गोळी गेली तर याहून चांगली व्यवस्था कुठल्याच सरकारी कार्यक्रमाला करता येणार नाही. त्यासाठी घरात एक तरी माणूस हवा, ज्याला सांगता येईल.

आगाखानांनी १८९० च्या दशकात लोकांसमोर दंड पुढे केला. आज कुणी कुणासमोर गोळी घ्यावी असं मी म्हणणार नाही, कारण हा आजार अजून तितका मोकळा झालेला नाही. पण जुम्याच्या बयानात एखाद्या इमामसाहेबांनी एवढं सांगितलं तरी पुरे, की गरोदर बाईला, दूध पाजणारीला आणि रोज औषध घेणाऱ्याला रोज्याबद्दल विचारू नका.

कारण न विचारायची तमीज आपल्याकडे आहे. महिन्यातले काही दिवस घरातली बाई नमाज पढत नाही, रोजा ठेवत नाही. सगळ्यांना समजतं आणि कुणी विचारत नाही. बापही नाही, भाऊही नाही. ती अदब शतकानुशतकं आपण पाळली आहे. एखादी पांढरी डबी दिसली, एखादी सून रात्री नऊला उठून आत गेली, तर तिथेही तीच अदब पाळायची. भिंतीवर वर्तुळ काढणाऱ्यांच्या नेमकं उलट.

आमच्या मुलीचं बाळ आता दहा महिन्यांचं आहे. दीड महिन्याचं असताना टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन केलेली तपासणी निगेटिव्ह आली, सहा महिन्यांचीही. शेवटचा निकाल अठरा महिने पूर्ण झाल्यावर आणि दूध सुटून तीन महिने उलटल्यावर मिळतो. तोवर दुवा आणि गोळी दोन्ही चालू.

मागच्या खेपेला मी तिच्यासोबत गेले तेव्हा तिच्या स्वतःच्या व्हायरल लोडचा कागद आला होता. विषाणू मोजता येणार नाही इतका कमी. ताईंनी तो वाचून दाखवला आणि म्हणाल्या, "हा तुमचा निकाल आहे बरं का, बाळाचा नाही." तिनं कागद दोनदा घडी करून हिरव्या पुस्तकात ठेवला. मग मला विचारलं, "आपा, डबी ठेवायला एक कुलपाचा डबा घ्यायचाय. दादरला मिळेल का?"

येताना आम्ही तो घेऊन आलो.